बांधाची उंची किती?

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, हे पुण्यातील प्रत्येक जुन्या घराला ठाऊक आहे. चातुर्मास अजून सुरू व्हायचा होता. पेठांमध्ये दुकाने उघडण्याची वेळ झाली होती आणि ‘धरण फुटले’ ही बातमी आधी अफवा म्हणूनच कानोकानी पसरली. ज्यांनी ती खरी मानली ते पर्वतीच्या दिशेने निघाले. इतरांनी दुकानाच्या पायऱ्यांवर उभे राहून नदीकडे पाहिले. पानशेतचे पाणी खाली खडकवासल्यात आले. ब्रिटिश काळात बांधलेल्या त्या दगडी धरणाने अंगावरून वाहणारे पाणी काही तास सोसले, आणि त्या तासांत नदीकाठचे असंख्य लोक उंचावर पोहोचले. मग तेही फुटले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांमधील मातीच्या भिंतींचे वाडे भिजून बसले. ज्यांच्या दुकानांत पाणी शिरले त्यांचा माल तर गेलाच; पण उधारीच्या नोंदी असलेले चोपडे गेले, ते कोणत्याही भरपाईत परत मिळण्याजोगे नव्हते.

या घटनेच्या आठवणी पुष्कळदा सांगितल्या जातात. धरण का फुटले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते समजून घेणे आज अधिक आवश्यक झाले आहे. कारण गेल्या काही वर्षांत पुण्याच्या नदी-ओढ्यांच्या काठाने पुन्हा भिंती आणि बांध उभे राहत आहेत, आणि त्यांच्या आडोशाला घरे, दुकाने, गोदामे घेतली जात आहेत. बांध दिसला की मनुष्याला सुरक्षित वाटते. त्या वाटण्याला आधार किती, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाच्या संपत्तीशी आणि कधी कधी प्राणाशीही जोडलेला आहे.

मातीचा बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे. त्याच्या पोटात गाभा असतो आणि गाभ्याभोवती कवच. गाभा चिकण मातीचा. तिच्यातून पाणी फार सावकाश जाते. कवच मुरुमाचे, ते वजन देते आणि उतार धरून ठेवते. एकट्या काळ्या मातीचा बांध बांधला तर उन्हाळ्यात तो भेगाळेल आणि पावसाळ्यात फुगून घसरेल. एकट्या मुरुमाचा बांधला तर पाणी आरपार जाईल. म्हणून दोघांना एकमेकांच्या सोबतीने वागवावे लागते. गाभ्याच्या खाली जमिनीत खंदक खोदून तोही चिकण मातीने भरतात, म्हणजे पाणी पायाखालून वाट काढणार नाही. माती एकदम ओतून चालत नाही. साधारण वीतभर जाडीचा थर पसरायचा, त्यात योग्य तेवढाच ओलावा ठेवायचा आणि रोलरने दाबायचा; मग पुढचा थर. ओलावा कमी पडला तर कणांमध्ये पोकळ्या राहतात, जास्त झाला तर माती दबतच नाही. हातात घेतलेल्या मातीचा लाडू वळतो का, हे पाहून पूर्वीचे मिस्त्री अंदाज करीत. आज तेच प्रयोगशाळेत मोजतात.

इतके करूनही थोडे पाणी बांधातून पाझरतेच. उत्तम बांधाचे लक्षण असे की तो पाझर अडवण्याचा हट्ट धरीत नाही. त्याला वाट करून देतो. बांधाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याशी, वाळू आणि खडीची गाळणी घालतात. त्या गाळणीतून स्वच्छ पाणी बाहेर येते, मातीचे कण मागे राहतात. गाळणी नसेल तर पाण्याबरोबर एकेक कण बाहेर पडू लागतो, आत नळीसारखी पोकळी तयार होते, ती मागे मागे वाढत नदीकडे पोहोचते आणि एके दिवशी वरून धडधाकट दिसणारा बांध आतून कोसळतो. म्हणून पुराच्या दिवसांत अनुभवी माणूस बांधाच्या माथ्यावर कमी आणि कोरड्या पायथ्याशी जास्त फिरतो. पायथ्याचा झरा निर्मळ असेल तर फारशी चिंता नसते. तो गढूळ झाला की गावाला जागे करण्याची वेळ आलेली असते.

श्रावकांना ही रचना अगदी अनोळखी वाटू नये. उत्तराध्ययन सूत्राच्या तिसाव्या अध्ययनात तपाचे विवेचन करताना मोठ्या तलावाचा दृष्टांत येतो: आधी पाणी येण्याच्या वाटा बंद करायच्या, मग आतले पाणी उपसायचे, आणि उरलेले उन्हाने आटू द्यायचे. आस्रव, संवर आणि निर्जरा यांचा तो परिचित बोध आहे. स्थापत्यशास्त्राच्या अंगाने पाहिले तरी त्यात एक नेमकी गोष्ट सांगितलेली आहे. बाहेरचे पाणी अडवणे हे अर्धेच काम. आत साठलेल्या पाण्याची व्यवस्था हे उरलेले अर्धे. शहरातील कित्येक संरक्षक भिंती हे दुसरे अर्धे विसरतात. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

मातीच्या बांधाला सर्वांत नाजूक जागा कोणती? जेथे त्याच्या पोटातून दुसरे काही आरपार जाते ती. पाण्याचा नळ असो, मोरी असो, विसर्गाचा बोगदा असो. काँक्रीट आणि माती यांची जवळीक कधीच पूर्ण होत नाही. माती बसते, काँक्रीट बसत नाही. पानशेतला नेमके याच जागेने दगा दिला. धरणाचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. विसर्गाच्या मार्गावरचे दरवाजे होते, पण ते उचलण्याची यंत्रणा पूर्ण झालेली नव्हती. दरवाजे अर्धवट स्थितीत राहिले आणि त्यांच्याखालून वेगाने जाणाऱ्या पाण्याने हादरे बसू लागले. विसर्गमार्गाच्या कमानीला लोखंडी सळ्यांचे बळ द्यायला हवे होते. प्रत्यक्षात ती साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची होती. हादऱ्यांनी ती दुबळी झाली, तिच्यावरचा मातीचा भराव खचू लागला आणि धरणाचा माथा तेवढ्या भागात खाली बसला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो उंचावण्याची शिकस्त केली. पहाटेपर्यंत पाणी त्या खचलेल्या जागेपाशी आले होते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की पुढचे काम पाणीच करते.

नंतर चौकशी झाली, आयोग बसले, आणि पानशेत पुन्हा बांधले गेले. त्या इतिहासात एक हळवा धागा आहे. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती उभ्या राहिल्या. नदीपासून दूर, निश्चिंत जागा म्हणून लोक तेथे गेले. सहकारनगरच्या शेजारून मात्र एक ओढा वाहत होता.

तो आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरात उगम पावून तलाव ओलांडत, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा मुठेला मिळणारा. पुण्याच्या व्यापारी वस्तीचे या ओढ्याशी नाते जुने आहे. पूर्वी तो शहराच्या आजच्या पेठांमधून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवण्यात आले, पर्वतीच्या पायथ्याशी तलाव झाला, आणि जेथून ओढा हटला ती जमीन वस्तीला मोकळी झाली. म्हणजे ज्या पेठांमध्ये पुढे पिढ्यान्‌पिढ्या बाजार भरला, त्यांतील काहींचा विस्तार एका बांधामुळेच शक्य झाला. पूरसंरक्षण हा विषय पुण्याला काही नवा नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात अल्पावधीत प्रचंड पाऊस झाला आणि हा ओढा रस्त्यावर आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर, पद्मावती, बिबवेवाडीच्या बाजूचा काही भाग. मोटारी तरंगत गेल्या, सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, आणि शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक जीव गेले. टांगेवाले कॉलनीत तर भिंतच काळ ठरली. येथे धरण फुटले नव्हते. ओढ्याचे पात्र अरुंद झाले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या भिंती होत्या त्या पाण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या.

भिंतीवर पाण्याचा भार कसा येतो, याचे गणित व्यापाऱ्याला पटकन समजेल असे आहे. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन रेटा देते. पाणी दोन मीटर झाले की रेटा दोन टन होतो, तीन मीटर झाले की साडेचार टन. पाण्याची उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट, आणि भिंत उलथवण्याची ताकद आठपट. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या माणसालाही हे प्रमाण दचकवते. नऊ इंची विटांची सीमाभिंत चोरापासून रक्षण करते, कुंपणाचे काम करते. तिच्यामागे छातीइतके पाणी साठले की ती एक लांबलचक, उलथायला तयार झालेली शिळा असते. त्यानंतर महापालिकेने आंबिल ओढ्याच्या काठाने काँक्रीटच्या संरक्षक भिंती बांधायला घेतल्या. त्या गरजेच्याच होत्या. शहरात मातीच्या बांधाला जागा नसते. तीन मीटर उंचीच्या बांधाला दोन्ही उतार आणि माथा धरून पायथ्याशी पंधरा-वीस मीटर रुंदी लागते, आणि पुण्यात ओढ्याकाठी तेवढी रुंदी कोण सोडतो? म्हणून भिंत. पण भिंतीचा पाया ओढ्याच्या तळाखाली किती गेला आहे, यावर तिचे आयुष्य ठरते. पूर आला की प्रवाह तळ खरवडतो, आणि उथळ पायाची भिंत आधी पायाखालून मोकळी होते.

आता ते विसरलेले अर्धे काम. भिंतीच्या आतल्या वस्तीतही पाऊस पडतोच. ते पाणी गटारातून ओढ्यात जायचे असते, म्हणून भिंतीत पाइप ठेवतात. ओढा भरला आणि त्याची पातळी वस्तीपेक्षा उंच झाली की तोच पाइप उलटा वाहतो. भिंत शाबूत, आणि पाणी रस्त्यावरच्या चेंबरमधून वर येते. तळमजल्यावरच्या दुकानदाराला कळतच नाही की भिंत फुटली नसताना पाणी आले कोठून. उपाय साधा आहे: पाइपच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप. त्या झडपेत प्लास्टिकची पिशवी अडकली तरी ती मिटत नाही, म्हणून ती पावसाळ्यापूर्वी कोणीतरी हाताने तपासावी लागते. आणि झडप मिटल्यावर आतले पाणी उपसायला पंप लागतात, पंपाला वीज लागते, वीज नेमकी पुरातच बंद करावी लागते. तेव्हा जनरेटर उंचावर हवा. २५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनच्या पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले, हे येथे विसरता येत नाही.

त्याच दिवशी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत सोसायट्यांच्या आवारात पाणी शिरले. खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला होता. क्युसेक हा शब्द वर्तमानपत्रात रोज येतो, पण त्याचे माप मनात बसत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, प्रत्येक सेकंदाला. पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २७ टीएमसी पाणी धरतात, तर सर्वांत खालचे खडकवासला जेमतेम दोन टीएमसी. ते भरले की वरून येणारे पाणी पुढे सोडण्यावाचून पर्याय उरत नाही. रात्री पाऊस वाढला तर निर्णयही रात्रीच होतो, आणि काठावरच्या कुटुंबाला सामान उचलायला मिळालेला वेळ तासांतच मोजावा लागतो.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखतो. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. दोन रेषांच्या मधे ते अटींवर. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र मोठा घोटाळा केला आहे. मागच्या वर्षी पूर येऊन गेला, आता चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ होत नाही. दरवर्षी तशा पुराची शक्यता शंभरात चार असते, गेल्या वर्षी काय झाले याची नदीला आठवण नसते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात छप्पन्न आहे. लाल रेषेचा येण्याची शंभरात अठरा. इतक्या जोखमीवर उधारी देणारा व्यापारी दहा वेळा विचार करील; घर घेताना मात्र गॅलरीतून दिसणारी नदी पाहून सही होते.

बांधाची उंचीही अशाच एखाद्या पुरावर बेतलेली असते. अपेक्षित पुराची पातळी, तिच्यावर लाटांसाठी आणि चुकांसाठी राखलेली थोडी जास्त उंची, शिवाय माती बसण्याची तूट. तेवढ्यापुरता बांध वचनबद्ध असतो. त्याहून मोठे पाणी आले तर बांध नसता त्यापेक्षा हानी अधिक होते, कारण दरम्यानच्या काळात त्याच्या भरवशावर आत वस्ती दाटलेली असते. बिहारमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. १९५४ साली तेथे १६० किलोमीटर बांध होते. पुढच्या चार दशकांत ते ३,४०० किलोमीटरांवर गेले आणि याच काळात पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाखांच्या पुढे गेले. कोसी नदी गाळ आणते. दोन बांधांच्या मधे तो गाळ साठत जाऊन पात्रच उंचावते. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे तिचा बांध फुटला तेव्हा नदीतील पाणी बांधाच्या रचनाक्षमतेच्या पाव भागाहूनही कमी होते. बांध पाण्याने ओलांडला नव्हता. प्रवाहाने काठ पोखरला होता आणि देखभाल वेळेवर झाली नव्हती.

देखभालीचा विषय निघाला की कोकणातील तिवरे धरण आठवते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले, वीसहून अधिक माणसे गेली, आणि तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. उंदीर, घुशी, खेकडे बांधात बिळे करतात हे खरे आहे, जगभर करतात. पण बीळ दिसते ते पाहणाऱ्याला. वर्षातून दोनदा बांधाचा उतार पायी तपासला, गवत आखूड ठेवले, झुडपे वाढू दिली नाहीत, दगडी अस्तर नीट ठेवले, तर जिवाला हात न लावताही बीळ वेळीच लक्षात येते आणि बुजवता येते. मुक्या जीवावर ठपका ठेवणे हे मात्र सर्वांत स्वस्त.

पुण्यात सध्या चर्चा आहे ती मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या काठावरील सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ विकास प्रकल्पाची. ६ मार्च २०२२ रोजी त्याची पायाभरणी झाली. संगमवाडी ते बंडगार्डन आणि तेथून मुंढव्याच्या दिशेने आधी काम सुरू झाले. काठ बांधून काढायचा, खालच्या पायरीवर चालण्याची वाट जी पुरात बुडणार आहे, वरच्या पायरीवर रस्ता आणि बाग. पूरवहनक्षमता वाढेल, असे महापालिका म्हणते. पात्र आवळले गेल्याने पातळी चढेल, असे पर्यावरणप्रेमींचे म्हणणे आहे आणि वाद हरित लवादापर्यंत गेला आहे. निवाडा कोणताही होवो, एक भौतिक नियम दोन्ही पक्षांना मान्य करावाच लागतो: तेवढेच पाणी अरुंद वाटेने न्यायचे तर ते एकतर वेगाने गेले पाहिजे किंवा उंच झाले पाहिजे. एका काठाला बांध घातला तर समोरच्या काठावर आणि वरच्या अंगाला पाणी चढते. आपल्या दुकानाला भिंत म्हणजे शेजाऱ्याच्या दुकानाला पाणी, असे व्हायला वेळ लागत नाही. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या पुरात अठराशेहून अधिक माणसे गेल्यावर त्या देशाने प्रचंड बांध उभारले. आणि त्याच देशाने एकविसाव्या शतकात कित्येक ठिकाणी नदीलगतचे बांध मुद्दाम मागे सरकवून नदीला जागा परत दिली.

पुण्याबाहेर सांगलीतील जैन व्यापारी कुटुंबांना याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली; धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. बाजारपेठेतील ज्यांनी जुन्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून माल एक फळी वर चढवला, त्यांचा माल ती फळी घेऊनच गेला.

मग कुटुंबाने काय करावे? जागा घेण्यापूर्वी विकास आराखड्यातील निळी आणि लाल रेषा पाहावी, आणि जोत्याची उंची लाल रेषेच्या वर आहे की खाली ते स्वतःच्या वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे. बिल्डरच्या माहितीपत्रकावर अवलंबून राहू नये. काठालगत भिंत असेल तर ती कोणत्या पुरासाठी बांधली आणि तिच्यातल्या पाइपांना झडपा आहेत का, हे क्षेत्रीय कार्यालयाला सोसायटीच्या पत्राने विचारावे. तळघरात हिशेबाचे दप्तर, सर्व्हर आणि महागडा माल ठेवू नये. विम्याची पॉलिसी काढून वाचावी: आगीच्या विम्यात वादळ-पुराचा भाग बहुधा असतो, पण हप्ता कमी करण्यासाठी तो वगळण्याची मुभा काही पॉलिसींत असते, आणि वगळलेला आहे हे पुष्कळदा पाणी ओसरल्यावर कळते. मालाची किंमत दिवाळीच्या साठ्याप्रमाणे लिहिली आहे की उन्हाळ्याच्या, तेही पाहावे. सोसायटीने वीजमीटर पहिल्या मजल्यावर न्यावेत. खर्च होतो, पण लिफ्टच्या नव्या आरशांपेक्षा फार नाही.

आणि आषाढ लागला की घरातल्या कोणीतरी खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडा रोज पाहावा. किती हजार क्युसेकला भिडे पूल बंद होतो, किती हजारांना नदीपात्रातला रस्ता, आणि किती हजारांना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे प्रत्येक नदीकाठच्या कुटुंबाने एकदाच नीट नोंदवून ठेवावे. रोजमेळाच्या शेवटच्या पानावर तेवढी जागा असते.